वडिलांना मधुमेह आणि हृदयविकार: प्रतिकारशक्तीच्या जनुकांची तपासणी करावी का?

निशिगंध
वय ४४, टाइप २ मधुमेह, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.८. वडिलांनाही मधुमेह, पन्नाशीतच अँजिओप्लास्टी झाली. परवा एक शोधनिबंध वाचला. मधुमेह आणि हृदयधमनीविकार दोन्ही असलेल्यांच्या रक्तात प्रतिकारशक्तीची काही जनुकं जास्त सक्रिय सापडली म्हणे. म्हणजे ती बाबांकडून माझ्याकडे आलीच असणार. कुठली जनुक तपासणी करून घेऊ?

पेशीवाला
थांबा, थांबा. मी असल्याच डेटावर पोट भरतो, म्हणून सांगतो. या अभ्यासांत बहुतेक वेळा रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधला आरएनए, म्हणजे चालू जनुकाची पेशी काढते ती नक्कल, मोजतात. त्यावरून कळतं ते एवढंच की त्या दिवशी कुठलं जनुक किती जोरात चालू होतं. जनुकं तुमच्यात, माझ्यात जवळपास तीच.

आणि मधुमेहात ती चालवणारी एक मोठी गोष्ट म्हणजे खुद्द साखर. उंदरांत हे छान दिसलंय: ग्लुकोज वाढलं की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी एस१००ए८ आणि एस१००ए९ ही प्रथिनं सोडतात, त्यामुळे अस्थिमज्जा आणखी मोनोसाइट, म्हणजे दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी, बनवते. हे मोनोसाइट धमनीच्या अस्तराखाली घुसतात, मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, होतात आणि तिथं साठलेलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) गिळत सुटतात. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी अक्षरशः फेसाळलेल्या दिसतात. पुढे कोलेस्टेरॉलचे स्फटिक पेशीतल्या एनएलआरपी३ या धोक्याच्या घंटेला डिवचतात, आयएल-१ बीटा हे दाह पेटवणारं प्रथिन सुटतं आणि दाह धुमसत राहतो.

बरं, त्या निबंधातले किती रुग्ण स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) घेत होते ते दिलंय का? औषधानंही हे आकडे हलतात. आमच्या क्षेत्रात हा तपशील परिशिष्टात पुरून ठेवायची जुनी खोड आहे.

एक_वाचक
म्हणजे वारशाचा काहीच संबंध नाही?

पेशीवाला
आहे की. आयएल-६ या दाहाच्या संदेशवाहकाला पकडणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकाचा एक प्रकार ज्यांच्यात असतो, त्यांना हृदयधमनीविकार किंचित कमी होतो. हॅप्टोग्लोबिन या रक्तातल्या प्रथिनाचा २-२ प्रकार असलेल्या मधुमेहींत धोका जास्त, असं बऱ्याच अभ्यासांत आलंय. पण रिपोर्ट हातात आला तरी डॉक्टर तुमची गोळी बदलणार नाहीत.

रातपाळी
मेडिसिनवाली आहे, थोडी भर घालते. दाह नुसता साक्षीदार नाही हे २०१७च्या कँटोस या औषधचाचणीत दिसलं. १०,०६१ रुग्ण, सगळ्यांना आधी हार्ट अटॅक येऊन गेलेला. आयएल-१ बीटा अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅबच्या १५० मिलिग्रॅम डोसनं पुढचे झटके, स्ट्रोक आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून १५ टक्के घटले. पण जंतुसंसर्गानं दगावणारे वाढले, आणि नव्यानं मधुमेह होणं काही थांबलं नाही. त्यामुळे ओपीडीत हृदयविकारासाठी ते कोणी लिहून देत नाही.

निशिगंध, एलडीएल किती ते लिहिलंच नाहीत तुम्ही.

निशिगंध
११८. स्टॅटिन लिहून दिलंय, पण त्यानं साखर वाढते असं ऐकलं, म्हणून सुरू केलेलं नाही.

रातपाळी
वाढते, थोडीशी. झटका टळण्याचा फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे. मधुमेह आणि त्यात वडिलांचा असा इतिहास, म्हणजे एलडीएल ७०च्या खाली हवं. स्नायू दुखले तर डॉक्टरांना सांगा, डोस किंवा गोळी बदलता येते. लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंडाला इजा होतेय का ते सांगणारं प्रथिन) तपासलंय का? नसेल तर जनुकांच्या आधी ते करा.