नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय संज्ञा शिकवाव्यात की नाही?

सर्जिकल वॉर्ड :
नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींकडून ग्रीक-लॅटिन संज्ञांची घोकंपट्टी करून घेणे बंद करावे, रुग्णाला कळते ती भाषा शिकवावी, बाकीचे वॉर्डात आपोआप समजते, अशा आशयाचे टिपण काल येथे वाचले. त्याखाली इतक्या जणांनी होकार भरलेला पाहून सविस्तर उत्तर देणे भाग पडले. वॉर्डात आपोआप काहीही समजत नाही. आमच्याकडे अर्धांगवायूचा एक रुग्ण होता. त्याच्या केस पेपरवर ‘डिस्फेजिया’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले होते, आणि तरीही आमची विद्यार्थिनी नातेवाइकांच्या आग्रहाखातर त्याला चमच्याने चहा पाजायला निघाली होती, कारण त्याला गिळता येत नाही हे त्या नोंदीतून तिला कळलेच नाही. चहा श्वासनलिकेत गेला असता तर न्यूमोनिया ठरलेला होता. ‘डिस्फेजिया’ आणि ‘डिस्फेजिया’शी मिळताजुळता वाटणारा ‘डिस्फेशिया’, म्हणजे बोलण्यातली अडचण, यांतला फरक ठाऊक नसलेल्या मुलीच्या हाती आपण जेवणाचा ट्रे द्यायचा का? केस पेपर वाचता येणे हा शुश्रूषेचाच भाग आहे.

खेड्यातली ट्यूटर :
ते टिपण माझेच असल्याने उत्तर देते. जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेला कला शाखेतून बारावी झालेल्या मुलींनाही प्रवेश मिळतो आणि माझ्या वर्गातल्या बहुतेक जणी मराठी माध्यमातून आलेल्या असतात. त्या रात्र रात्र जागून उपसर्ग-प्रत्ययांच्या याद्या पाठ करतात. तोंडी परीक्षेत ‘एक्टॉमी’ म्हणजे काढून टाकणे आणि ‘ऑस्टॉमी’ म्हणजे अवयवाला बाहेर उघडणारे तोंड करून ठेवणे हे धडाधड सांगतात, पण शस्त्रक्रिया होऊन आलेल्या रुग्णाची चादर उचलून ड्रेनमध्ये, म्हणजे स्राव बाहेर काढणाऱ्या नळीत, काय आणि किती आले आहे हे पाहायचे त्यांना सुचत नाही. आमच्या भागातली बाई ‘अंगावरून जातंय’ एवढेच सांगते. ते लाल आहे की पांढरे, किती दिवस आहे, किती घड्या बदलाव्या लागतात, हे चार बायकांसमोर न विचारता तिला बाजूला घेऊन विचारायचे असते. हे कौशल्य कोणत्याही संज्ञेच्या यादीतून येत नाही आणि त्यासाठी वेळापत्रकात एक तासही राखलेला नसतो. माझा राग त्या असमतोलावर आहे.

रातपाळी :
आपण दोघीही मूळ दुखण्याला हात लावत नाही. आमचा घात करतात त्या संज्ञा नव्हेत, डॉक्टरांची संक्षेपाक्षरे आणि त्यांचे हस्ताक्षर. इन्सुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी घाईत काढलेला इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि 10 युनिटचे 100 होतात. याच भीतीने अमेरिकेत रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने 2004 साली ‘यू’ हे अक्षर लिहू नये असे ठरवले. आपल्याकडे तर मिलिलिटरला 40 आणि 100 युनिट अशा दोन्ही तीव्रतेचे इन्सुलिन मिळते, सिरिंजही वेगळ्या असतात, त्यामुळे धोका दुप्पट. ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, पण नेत्रविभागात तीच अक्षरे उजव्या डोळ्यासाठी वापरतात. औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहावीत, असे मेडिकल कौन्सिलने 2016 मध्ये सांगितले. आमच्या ट्रीटमेंट शीटवर त्याचा मागमूस नाही. विद्यार्थिनींना आधी हे शिकवा.

निवासी डॉक्टर :
सिस्टर, सर्व दोष हस्ताक्षरावर ढकलणे अन्यायाचे आहे. सलग ड्युटी करून तीन वॉर्ड सांभाळणाऱ्या माणसाकडून सुलेखनाची अपेक्षा कशी करता? वाचता आले नाही तर फोन करून विचारावे. आम्ही फोनवर तोंडी आदेश देतो, तेवढे तरी नीट ऐकून घ्यावेत.

रातपाळी :
फोनवरच्या आदेशांचा विषय आपणच काढलात, तर ऐकावे. मूत्रपिंडाच्या रुग्णाचा रिपोर्ट रात्री उशिरा आला, पोटॅशियम 6.2. मी फोनवर ‘हायपरकॅलेमिया’ (पोटॅशियम वाढलेले) म्हणाले, पलीकडे ते ‘हायपोकॅलेमिया’ (पोटॅशियम घटलेले) असे ऐकले गेले आणि मला केसीएलचा, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचा, अँप्यूल सलाइनमध्ये घालून सुरू करायला सांगण्यात आले. त्या 10 मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये 20 मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असते. आधीच वाढलेल्या पोटॅशियमवर ते चढवले असते तर हृदय बंद पडायला वेळ लागला नसता. मी नकार दिला, आकडा पुन्हा सांगितला, तेव्हा कुठे हृदयाला जपणारे कॅल्शियम ग्लुकोनेट द्यायचे ठरले. त्या आदेशावर सकाळी सही करायला कोणी तयार नव्हते, आणि उपचार सुरू करायला विलंब केला म्हणून मेमो आला तो मला. नीट ऐकून घ्यावे असे पुन्हा लिहू नये.

सर्जिकल वॉर्ड :
आपल्यावर झालेला अन्याय मान्यच आहे, परंतु आपली हकिगत माझीच बाजू सिद्ध करते. ‘हायपो’ आणि ‘हायपर’ यांतला फरक आणि ‘कॅलेमिया’ म्हणजे रक्तातले पोटॅशियम हे आपल्या हाडीमाशी खिळलेले होते, म्हणून आपल्याला नकार देण्याचे बळ आले. ज्या मुलीला हे शब्द नुसते लांबलचक आवाज वाटतात, ती वरिष्ठांचा आदेश म्हणून अँप्यूल फोडून मोकळी झाली असती.

खेड्यातली ट्यूटर :
नाही. रुग्ण वाचला तो 6.2 या आकड्यामुळे. गोंधळ संज्ञेनेच घातला आणि तो आकड्याने मिटवला. नुसते ‘पोटॅशियम वाढले आहे’ असे सांगितले असते तर ऐकण्यात चूक व्हायला जागाच नव्हती.

निवासी डॉक्टर :
सिस्टर, माझ्या आधीच्या वाक्याचा सूर मागे घेतो, हस्ताक्षराबद्दलचे म्हणणे मागे घेत नाही. आकडा आधी आणि निदान नंतर सांगावे, ऐकणाऱ्याने आदेश परत म्हणून दाखवावा, हे आम्हालाही कोणी शिकवलेले नाही. मात्र ट्यूटर मॅडम, ‘वाढले आहे’ एवढ्यावर केस पेपर चालत नाही. पित्ताशय काढले आहे की त्यात नळी घातली आहे, हे ‘कोलेसिस्टेक्टॉमी’ आणि ‘कोलेसिस्टोस्टॉमी’ यांच्या शेवटच्या अक्षरांवरच ठरते. नळी घातलेल्या रुग्णाची ती नळी ड्रेसिंग करताना ओढली गेली तर पित्त पोटात पसरू शकते.

खेड्यातली ट्यूटर :
हे उदाहरण मला टाळता येत नाही. तेवढ्यापुरते मान्य करते की संज्ञा हव्यात. पण त्या पहिल्या सत्रात फळ्यावर यादी लिहून नकोत. अॅनॅटमीच्या पहिल्याच घटकात शरीररचनेच्या संज्ञा आहेत, तिथे आवश्यक तेवढ्या द्याव्यात आणि उरलेल्या रुग्णाशेजारी उभे राहून, केस पेपर हातात घेऊन शिकवाव्यात. परीक्षाही तिथेच घ्यावी. कागदावरचे शब्द वाच, आता रुग्णाकडे बघून काय करशील ते सांग. विद्यार्थिनींना मनुष्यबळ म्हणून राबवणाऱ्या रुग्णालयांत हे शिकवायला ट्यूटर वॉर्डात येणार कधी, याचे उत्तर मात्र संज्ञांचा आग्रह धरणाऱ्यांनी द्यावे.

सर्जिकल वॉर्ड :
खाटेशेजारी शिकवण्याला माझा विरोध कधीच नव्हता. फक्त यादी पूर्णपणे सोडू नका. रात्री दोन वाजता नवीन रुग्ण येतो, तेव्हा शेजारी ट्यूटर नसते.

रातपाळी :
त्याच रात्रीसाठी माझी मागणी लिहून ठेवते. फोनवर आदेश घेताना वेळ, डॉक्टरांचे नाव आणि औषधाची मात्रा नोंदवहीत लिहून ती परत वाचून दाखवणे, आणि सकाळी राउंड सुरू होण्याआधी सही घेणे, हे पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात गुणांसह आले पाहिजे. डॉक्टर महाशयांनी आपल्या युनिटमध्ये त्या सह्या करायला उद्यापासून सुरुवात करावी.