पुरात भिजलेल्या लाखेच्या तबकड्यांची प्रत कशी ठरवावी?

गावभाग, सांगली

नमस्कार. आमच्या आजोबांनी जमवलेल्या सुमारे १४० ध्वनिमुद्रिका सध्या माझ्याकडे आहेत. बहुतेक ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) लाखेच्या तबकड्या असून त्यांत नाट्यपदे आणि ख्याल अधिक आहेत. वीसेक एलपी (जास्त वेळ वाजणाऱ्या विनाइलच्या तबकड्या) नंतर वडिलांनी घेतल्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्याखाली गेले. त्यांतील चाळीसेक तबकड्यांच्या पाकिटांचा लगदा झाला आणि लेबलांवर गाळाचे डाग पडले. एका खरेदीदाराने सगळ्या संग्रहाचा सरसकट भाव सांगितला आणि पुरातल्या तबकड्या मोजण्यातही धरल्या नाहीत. मला विकण्याची घाई नाही, परंतु प्रत्येक तबकडीची खरी अवस्था नोंदवून ठेवावी, असे मनापासून वाटते. प्रत पाहून ठरवावी की वाजवून? आजोबांचा चावीचा ग्रामोफोन अजून चालतो, त्यावर वाजवून पाहू का?

मिरजेचा श्रोता

ताई, सर्वप्रथम एक विनंती: परीक्षेसाठी त्या ग्रामोफोनचा उपयोग करू नका. त्याच्या साउंडबॉक्सचा, म्हणजे पिन धरणाऱ्या डबीचा, सगळा भार पोलादी पिनेच्या टोकावर येतो आणि पिन एका बाजूनंतर बदलली नाही, तर झिजलेले टोक ध्वनी कोरलेल्या खाचेच्या भिंती अक्षरशः खरवडते. विजेवरचा टर्नटेबल आणि ७८ साठीची वेगळी सुई मिळवा. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असल्याने तिला सुमारे ७५ मायक्रॉनचे टोक लागते. एलपीची बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी घासत जाते आणि चांगली तबकडीसुद्धा खरखरते.

वाजवण्यापूर्वी धुणे आले. साध्या शुद्ध पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, लेबल कोरडे ठेवून, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गाळ काढावा आणि तबकडी सावलीत उभी वाळवावी. स्पिरिटचा बोळा मात्र चुकूनही लावू नये. सुतार स्पिरिटमध्ये लाख विरघळवूनच पॉलिश तयार करतो, हे आठवले म्हणजे कारण वेगळे सांगावे लागत नाही. एलपी विनाइलच्या असल्याने त्यांना ही भीती नाही, पण त्यांना ऊन आणि आडवी चळत या दोन्हींपासून जपावे लागते.

आता आपल्या मुख्य प्रश्नाविषयी. तबकडी एका दिव्याखाली तिरपी धरा. जिथे काळी चकाकी जाऊन राखाडी पट्टा दिसतो, तिथे झीज झालेली असते. हा पट्टा बहुधा लेबलाजवळ गडद असतो, कारण आतल्या वर्तुळांत तबकडी सुईखालून हळू सरकते, तोच ध्वनी थोड्या लांबीत दाटलेला असतो आणि झिजलेल्या पिनेला ती वळणे झेपत नाहीत. आपल्या संगीताचे दुर्दैव असे की, तीन-साडेतीन मिनिटांच्या मुद्रणात गायक आपल्या तयारीच्या ताना शेवटी घेतो, म्हणजे त्या नेमक्या याच भागात येतात. म्हणून मी प्रत्येक बाजूचा शेवटचा मिनिट आधी ऐकतो. तारसप्तकातला स्वर फाटत असेल, तर वरून कितीही चकाकी असली तरी मी तिला वरची प्रत देत नाही.

साताऱ्याचा संग्राहक

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, मात्र लेबल आणि पाकिटाची प्रत ध्वनीपासून वेगळी लिहावी, असा माझा आग्रह आहे. गाळाचा डाग लेबलावर आहे. खाच शाबूत असेल, तर त्या तबकडीला भंगार म्हणणे अन्यायाचे आहे. खरेदी-विक्रीत मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड अशी उतरंड चालते आणि त्यातील ‘गुड’ या शब्दाने नवखे लोक फसतात. सुई अडखळत नाही, पण खरखर भरपूर आहे, एवढाच त्याचा अर्थ. एलपीच्या बाबतीत व्हेरी गुड प्लसला निअर मिंटच्या निम्मी आणि व्हेरी गुडला पाव किंमत, असा ढोबळ हिशेब आहे. दोन प्रतींमध्ये मन डळमळले, तर खालची लिहावी. केसाएवढी चीर असेल, तर ती लेबलापर्यंत गेली आहे का, हे नोंदवावे. अशी चीर मिनिटाला ७८ ठोके देते, ते लगेच कळते.

दुसरे म्हणजे, जुने ते दुर्मिळ असे समजू नये. मिरजेत राहिलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या ओडियन कंपनीने १९३० च्या दशकात काढलेल्या तबकड्या खूप खपल्या, त्या आजही हाती लागतात. त्यांचेच १९०५ च्या सुमाराचे मुद्रण मिळाले, तर गोष्ट निराळी. १९०८ मध्ये कोलकात्यात कारखाना सुरू होण्यापूर्वी आपल्याकडील ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला छापल्या जात. लेबलावर हॅनोव्हरचे नाव असेल आणि तबकडी एकाच बाजूची असेल, तर ती झिजलेली असूनही जपण्यासारखी आहे, कारण तशी दुसरी तबकडी मिळेलच असे नाही. लेबलाजवळच्या मोकळ्या पट्ट्यावर कोरलेला आकडाही उतरवून घ्या. एकच मुद्रण पुढे नव्या लेबलाखाली पुन्हा निघे, तेव्हा ते ओळखायला हाच आकडा उपयोगी पडतो.

गावभाग, सांगली

दोघांचेही मनःपूर्वक आभार. काल पुरातल्या सहा तबकड्या धुतल्या. चार दिव्याखाली अजून काळ्याभोर चकाकतात, एकीला कडेपासून लेबलापर्यंत चीर आहे. सहावी एकाच बाजूची निघाली. लेबलाचा अर्धा भाग गाळाने गेला आहे, पण कोरलेला आकडा वाचता येतो. ७८ ची सुई मिळेपर्यंत ती वाजवणार नाही. खरेदीदाराला नकार कळवला आहे.

मिरजेचा श्रोता

ताई, त्या एकबाजूच्या तबकडीचे गाणे अगदी शेवटपर्यंत ऐका. त्या काळातील पुष्कळ गायक गाणे संपताच स्वतःचे नाव पुकारत, म्हणजे परदेशातल्या कारखान्याला तबकडी कोणाची ते कळे. लेबल गेले असले, तरी नाव कदाचित आवाजात सापडेल. आकडा इथे लिहा, मी माझ्या वहीत पाहतो.