फेलुकावरच्या दोन रात्री वाया जातात? मला नाही पटत

नाईलवेडी

परवा हिशेबी पुणेकर यांनी त्यांच्या नऊ दिवसांच्या इजिप्त टूरचा सगळा हिशेब टाकला होता. त्यात फेलुका, म्हणजे नाईलवरची शिडाची उघडी होडी, हिचाही विषय होता. त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. "आस्वानहून फेलुकावर दोन रात्री म्हणजे पैसे मोजून हाल विकत घेणं, इजिप्तला माणूस देवळं बघायला जातो, नदी बघायला नाही, तेवढ्या वेळात अजून तीन देवळं होतात." दोन दिवस गप्प बसले, पण खाली एकामागून एक "अगदी बरोबर" यायला लागले तेव्हा राहवेना.

अहो, नदी नसती तर ती देवळं तिथे आली असती का? लक्सरजवळ कर्नाकला हत्शेप्सुत राणीचा जो ओबेलिस्क, म्हणजे टोकदार दगडी स्तंभ, उभा आहे तो आस्वानच्या ग्रॅनाइटचा, एकसंध दगड, जवळजवळ ३० मीटर उंच. तो बैलगाडीवर नाही आला, पाण्यावरून आला. एडफू, कोम ओम्बो, लक्सर, या देवळांचा वालुकाश्म गेबेल एल सिलसिलाच्या खाणींतला, आणि खाणी थेट काठावर, दगड फोडायचा आणि होडीत घालायचा. गिझाचंच घ्या. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी वादी अल जर्फला, गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजाच्या काळातले पपायरस सापडले, त्यात मेरर नावाच्या अधिकाऱ्याची रोजनिशी आहे. चाळीसेक माणसं घेऊन तुराच्या खाणीतला चुनखडीचा दगड होडीने गिझाला नेऊन टाकायचा आणि परत फिरायचं, हेच त्याचं काम. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसाची ड्युटी आपण वाचू शकतो, आणि ती ड्युटी नदीवरची आहे!

आणि देव सुद्धा होडीतूनच फिरायचे. डेंडेराची हाथोर दर वर्षी नाईलवरून एडफूला होरसकडे यायची, मोठा उत्सव असायचा. लक्सरच्या उत्सवात आमुनची मूर्ती छोट्या होडीत ठेवून ती होडी पुजारी खांद्यावर घ्यायचे. आपल्या पालख्या बघत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं का?

मी मागच्या जानेवारीत गेले होते, मी आणि धाकटी बहीण, अकरा जणांचा ग्रुप, सोबत इजिप्शियन गाईड. कैरो, मग रात्रीची ट्रेन, पहाटे चारला उठून अबू सिंबल, आणि मग फेलुका. डेकवर गाद्या, वर कापडाचं छप्पर, इंजिन नाही. पहिल्या रात्री थंडीने झोप लागेना, टोपी मफलर सगळं घालून पडले होते, मान्य. पण पहाटे काठावरच्या खजुरांमागून अजान ऐकू आली, पाणी तर इतकं गप्प की होडीच्या दोरीचा करकर आवाज कळत होता. आणि कोम ओम्बोचं देऊळ नदीच्या वळणावर आधी ठिपक्यासारखं दिसलं, मग खांब दिसायला लागले, मग अख्खं देऊळ, यात एक तास गेला असेल. त्या एका तासात मला कळलं की देऊळ तिथेच का बांधलं. बसमधून पार्किंगला उतरलेल्याला हे कुठून कळणार?

हिशेबी पुणेकर

ताई, माझं वाक्य घेतलंत तर आधीचा परिच्छेदही घ्यायचा होता. मी मे महिन्यात गेलो होतो. आस्वानला चाळीसच्या वर. दुपारी वारा पडला आणि आमची फेलुका मोटरबोटीने दोरी लावून ओढत नेली, दोन्ही दिवस. म्हणजे शिडाच्या होडीचे पैसे दिले आणि डिझेलचा वास घेत गेलो.

दुसरं, होडीवर संडास नाही. माझी बायको अंधार पडेपर्यंत थांबायची आणि मग टॉर्च घेऊन काठावरच्या झुडपात. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला, लक्सरचा एक दिवस हॉटेलच्या खोलीत गेला. व्हॅली ऑफ द किंग्ज मी एकट्याने बघितली. हा हिशेब तुमच्या करकर आवाजात कुठे बसतो ते सांगा.

आणि "फॅरोंच्या काळातली होडी" म्हणून जे विकतात ते साफ खोटं आहे. तिरकं तिकोनी शीड फॅरोंकडे नव्हतंच, ते कित्येक शतकांनी आलं. लक्सरजवळ देर एल बहरीच्या देवळात हत्शेप्सुतने पुंट देशाला पाठवलेल्या मोहिमेची जहाजं भिंतीवर कोरलीत, नीट बघा, शिडं रुंद चौकोनी आहेत. तुम्ही ज्यावर झोपलात ती होडी देवळांच्या काळातली नाही.

नाईलवेडी

चौकोनी शिडाचं बरोबर आहे, मीही फॅरोंची होडी म्हटलेलं नाही. नदी तीच आहे एवढंच म्हणतेय. आणि तुमच्या पत्नीचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण मे महिन्यात डेकवर झोपायची टूर ज्यांनी तुम्हाला विकली त्यांची ती चूक आहे, नदीची नाही.

देवगडचा

शिडाचा विषय निघाला म्हणून बोलतो. माझे आजोबा गलबतावर तांडेल होते, मंगलोरी कौलं भरून मुंबईपर्यंत जायचे. त्यामुळे फेलुका बघितल्यावर मला काही परकं वाटलं नाही, शीड तसंच तिरक्या काठीवर, आणि वारा बदलायच्या आधी खलाशी उठून बसतो तोही तसाच.

तुम्हा दोघांच्याही लक्षात एक गोष्ट आली नाहीये. नाईल वाहते दक्षिणेकडून उत्तरेकडे, आणि वारा बहुतेक दिवस येतो उत्तरेकडून. म्हणून जुन्या इजिप्तच्या चित्रलिपीत दक्षिणेला जाणं लिहायचं तर शीड उभारलेली होडी, आणि उत्तरेला जाणं म्हणजे शीड उतरवलेली होडी. आस्वानहून कोम ओम्बोला येताना तुम्ही प्रवाहाबरोबर पण वाऱ्याच्या तोंडात असता. शीड एकदा या अंगाला एकदा त्या अंगाला घेत नागमोडी यावं लागतं, वेळ लागतो, आणि ग्रुपला ठरलेल्या वेळी बस गाठायची असली की मग मोटरबोट येते. हिशेबी, तुमच्या बाबतीत तेच झालंय. खरं शिडाने जायचं तर उलटं जा, एस्नाहून आस्वानला, वारा पाठीवर घेऊन. दहाबिया, म्हणजे शिडाच्या मोठ्या बोटी, तशाच जातात, चार-पाच रात्री, आत खोल्या, बाथरूम सगळं असतं. आणि सिलसिलाच्या खाणींशी थांबतात, मोठी क्रूझ तिथे थांबत नाही.

आणि गिझाच्या नव्या म्युझियममध्ये खुफूची होडी चुकवू नका. १९५४ मध्ये पिरॅमिडच्या पायाशी खड्ड्यात सापडली, ४३ मीटरच्या वर लांब, फळ्या दोरीने शिवलेल्या. मी तिथून हललोच नाही. आपल्या किनाऱ्यावर पण काथ्याने शिवलेल्या होड्या होत्याच की. नौदलाची कौंडिण्य आता गोव्यात तशीच शिवून बांधली, तीसुद्धा अजिंठ्याच्या चित्रावरून, २०२५ मध्ये कारवारला नौदलात आली. तिचंही शीड चौकोनी आहे.

साठीपार शिक्षिका

माझे दोन्ही गुडघे गेलेले आहेत, मला फेलुकाच्या फळीवरून चढता आलं नसतं, म्हणून मी क्रूझ घेतली आणि मला त्याची लाज वाटत नाही. पण खरं सांगते, लक्सरला चार बोटी एकीला एक लागून उभ्या होत्या, पडदा सरकवला तर समोर दुसऱ्या बोटीतले काका दात घासत होते. नदी जेवणाच्या हॉलच्या काचेतून बघितली. सहा देवळं झाली, आणि आता फोटो बघताना एडफू कुठलं आणि एस्ना कुठलं ते मुलाला विचारावं लागतं.

माझी तक्रार वेगळीच आहे. आपल्या लोकांच्या ग्रुपबरोबर आचारी असतो आणि रोज तेच, वरणभात, शिरा, श्रीखंड. अहो तिथे फूल म्हणजे कडधान्याची उसळ मिळते, तामिया म्हणजे त्याचेच वडे मिळतात, कोशरी मिळते, भात मसूर मकरोनी वर तळलेला कांदा, सगळं शाकाहारी. सात दिवसांत मला कोशरी एकदाही खाऊ दिली नाही, पोट बिघडेल म्हणून. खिचडीची चुलत बहीणच ती!

अबुधाबीकर

जेवणाचं राहू द्या, बक्षिशीचं, म्हणजे टिपेचं बोला. एडफूला घोडागाडीवाल्याने ठरलेले पैसे घेऊन वर तिप्पट मागितले आणि देईपर्यंत उतरू देईना. घोड्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. आपल्याकडे माथेरानच्या घोड्यांवरून वाद घालणारे तिथे मजेत फोटो काढतात, याचा मला जास्त राग आला.

नाशिकची डॉक्टर

फेलुकाच्या बाजूने किंवा विरुद्ध काहीही बोला, पण होडीवरून काठाशी पाण्यात उतरू नका. नाईलच्या संथ पाण्यात गोगलगायींमुळे बिलहार्झिया हा जंतांचा रोग होतो, जंत कातडीतून शिरतो. गाईड उडी मारतो म्हणून आपण मारायची नसते.

उजनीकाठचा

तुम्ही सगळे शीड, संडास आणि श्रीखंड बोलताय. ती होडी चालवणारा कोण होता हे कुणी विचारलं का? आस्वानचे फेलुकावाले बरेचसे नुबियन आहेत, म्हणजे दक्षिण इजिप्तचे मूळचे नाईलकाठचे लोक. त्यांची गावं आज आस्वानच्या धरणाच्या जलाशयाच्या, लेक नासरच्या, तळाला आहेत. १९०२ मध्ये जुनं धरण झालं, ते दोनदा उंच केलं, दर वेळी गावं वर सरकली, आणि १९६३-६४ मध्ये हाय डॅमसाठी इजिप्तमधल्या ५० हजार नुबियनांना उचलून कोम ओम्बोच्या बाजूला नेऊन वसवलं, नदीपासून लांब. १९६४ ते ६८ मध्ये अबू सिंबलचं देऊळ कापून ६५ मीटर वर नेलं, अख्ख्या जगाने पैसे दिले. फिलेचं देऊळ शेजारच्या बेटावर दगड दगड हलवलं.

माझ्या आजोबांचं घर पळसदेवला. उजनीचं पाणी कमी झालं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, पेपरवाले फोटो काढायला येतात, लोक होडीतून दर्शनाला जातात. आजीला एकदा नेलं होतं. तिने देवळाकडे बघितलंसुद्धा नाही. पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, तिकडं आपला गोठा होता. फिले बघताना गाईड उत्साहाने सांगत होता की पूर्वी लोक होडीतून खांबांमधून फिरायचे, आणि मला तेवढंच आठवत राहिलं.

हिशेबी पुणेकर

विषय सहलीचा चाललाय, त्याचं धरणग्रस्तांचं आंदोलन कशाला करता? दुःख समजतं. पण हाय डॅम नसता तर १९८० च्या दशकातल्या दुष्काळात इजिप्तने काय खाल्लं असतं? आणि उजनी नसती तर सोलापूरने काय केलं असतं?

सोलापूरची

सोलापूरचं नाव घेतलंत म्हणून. उजनी असूनही आमच्या नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं. पाणी उसाला जातं. आमच्या नावाने कुणाला गप्प बसवू नका.

उजनीकाठचा

धरण नको होतं असं मी कुठे लिहिलंय, दाखवा. मी एवढंच म्हणतोय की देवळाला नवी जागा शोधायला इंजिनिअर आले आणि माणसाला ट्रकमध्ये बसवलं. माझ्या वडिलांनी पुनर्वसनाच्या जमिनीच्या सातबाऱ्यासाठी उभी हयात हेलपाटे घातले. तुम्ही नऊ दिवसांच्या हिशेबात प्रत्येक तिकीट लिहिलंत, कॉफी लिहिलीत, होडीवाल्याबद्दल एक ओळ आहे, "टिप जास्त मागतो." तो का मागतो हे विचारायला काय जातं? २०२४ च्या मार्चमध्ये त्यांचा पाउंड डॉलरला ३१ चा एकदम ५० च्या आसपास गेला, त्याची जुनी मजुरी तेवढीच राहिली.

हिशेबी पुणेकर

माझ्या बायकोला ताप होता आणि तो माणूस हात पुढे करून उभा होता. त्या क्षणी मला पाउंडचा भाव सुचला नाही. मला निर्दय ठरवायचं असेल तर ठरवा, पण तुम्ही त्या काठावर नव्हतात.

नाईलवेडी

दोघेही थोडं थांबा. आमचा होडीवाला पन्नाशीचा असेल, त्याचा जन्म नव्या वसाहतीतला. दुसऱ्या रात्री चहा करताना गाईडने त्याला विचारलं की तुझं गाव कुठलं, तर त्याने ज्या गावाचं नाव घेतलं ते पाण्याखाली आहे, त्याने स्वतः ते कधी बघितलेलं नाही. तरी नाव तेच सांगितलं. मी ते वरच्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. दगड कुठून आले ते सगळं लिहिलं आणि ते राहिलं, उजनीकाठचा बरोबर बोलतोय.

पण म्हणूनच माझं म्हणणं अजून पक्कं झालंय. क्रूझवर असते तर तो माणूस मला भेटलाच नसता.

उजनीकाठचा

हे मान्य. मी सुद्धा बसनेच फिरलो, त्यांच्यातल्या कुणाशी चार वाक्यं बोललो नाही. आस्वानच्या नुबिया म्युझियममध्ये बुडालेल्या गावांचे फोटो आहेत, ते तेवढे बघितले. जाणाऱ्यांनी अबू सिंबलच्या आधी तिथे जावं.

हिशेबी पुणेकर

टिपेची ओळ काढून टाकतो माझ्या हिशेबातून. "मे महिन्यात नको" हे घालतो. संडासाचं आणि मोटरबोटीचं जसंच्या तसं राहील, कारण ते घडलंय. आणि तीन देवळं जास्त होतात हेही राहील, कारण होतात.

देवगडचे, एक विचारायचं होतं. बायको म्हणतेय की व्हॅली ऑफ द किंग्ज तिची राहिलीये, परत जाऊ. त्या दहाबियाला मोटर नसते ना नक्की? आधी लेखी घेणार आहे.

देवगडचा

स्वतःचं इंजिन बहुतेकींना नसतं, पण वारा पडला की टग बोट येऊन ओढते, ते कुणी लेखी देणार नाही. जानेवारी-फेब्रुवारी बघा, पांघरूण जास्तीचं घ्या, आणि बुकिंग करताना विचारा की एस्नाहून निघते का. आस्वानहून निघणारी घेऊ नका.