मदत हवी आहे: तिलापियाचे डोळे पांढरे, पर झिजलेले. मिनरल मिक्स दुप्पट करू का?

शीळफाटा_टाकी:

शीळ-डायघर बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये बायोफ्लॉकच्या (पाण्यातच जिवाणूंचे पुंजके, म्हणजे फ्लॉक, वाढवायची पद्धत) दोन गोल टाक्या आहेत. प्रत्येकीचा व्यास ४ मीटर, पाणी १.२ मीटर.

टाकी १ मध्ये गिफ्ट (सुधारित जातीचा) तिलापिया, ९०० नग, सरासरी १२० ग्रॅम. टाकी २ मध्ये सायप्रिनसची (कॉमन कार्प) बोटुकली, हजारेक, २५ ग्रॅमच्या आसपास.

टाकी १ चं आज सकाळचं रीडिंग: तापमान २९, पीएच ७.०, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) ४०, एकूण अमोनिया १.५, नायट्राइट ३, डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) ५.५, हे चारही लिटरला मिग्रॅमध्ये; फ्लॉक लिटरला २५ मिली. पाणी नळाचं, दोन दिवस हवा मारून क्लोरीन उडवलेलं.

खाद्य चार महिने घरचंच: राईस पॉलिश ४० टक्के, सोया पेंड ३०, सुक्या मासळीची कुटी २५, मैदा ५. वर किलोला २० ग्रॅम मिनरल मिक्स (पशुखाद्याच्या दुकानातलं). आठवड्यातून दोनदा व्हिटॅमिन सी आणि एक इम्युनिटी बूस्टर, दोन्ही आदल्या रात्री एकाच बादलीत कालवून दाण्यावर.

लक्षणं: दहातल्या दोन-तीन माशांचे डोळे पांढरट, शेपटीचे पर झिजलेले, वाढ थांबल्यासारखी. मर रोज ४-५. टाकी २ मध्ये मर नाही, पण काही पिल्लांच्या कल्ल्यांची झाकणं आखूड आणि मुडपलेली आहेत.

दुकानदार म्हणतो प्रतिकारशक्ती कमी पडतेय, मिनरल ४० ग्रॅम करा. करू का? जाणकारांनी कृपया सांगावं.

---

तळेराखण:

थांबा, काही वाढवू नका. आधी तीन गोष्टी बघून इथे लिहा.

१. पांढरेपणा डोळ्याच्या वरच्या काचेवर आहे की आत, बाहुलीच्या मागे? मासा ओल्या फडक्यात धरा, मोबाइलचा टॉर्च समोरून नाही, बाजूने आडवा मारा. वरचा पडदा धुरकट असेल तर प्रकाश पृष्ठभागावरच पसरतो. आतलं भिंग गेलं असेल तर वरची काच स्वच्छ चकाकते आणि आत खोल दुधाळ मणी दिसतो. एकच डोळा की दोन्ही, हेही बघा.

२. कल्ले उचलून रंग बघा. लाल, फिकट की चॉकलेटी?

३. मिनरल मिक्सच्या पिशवीवर काय छापलंय ते जसंच्या तसं लिहा.

डोळे बाहेर आलेत का, मासे गिरक्या घेतात का, तेही. तसं असेल तर स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा संशय धरावा लागतो आणि मग हा धागा वेगळ्या वाटेने जाईल.

---

शीळफाटा_टाकी:

बारा मासे बघितले. सातांत पांढरेपणा आत आहे, दुधाळ मणी म्हणालात अगदी तसाच, आणि सातपैकी सहांत दोन्ही डोळ्यांत. डोळे बाहेर आलेले नाहीत, गिरक्या नाहीत. कल्ले गडद, काहींचे सरळ तपकिरी.

पिशवीवर: कॅल्शियम २४ टक्के, फॉस्फरस १२ टक्के, ओलावा ५ टक्के. बाकी काही नाही. बूस्टरवर लोह, तांबं, कोबाल्ट, सेलेनियम अशी नावं आहेत, प्रमाण नाही.

---

तळेराखण:

मग दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही एकाच टाकीत बसलेत. रोजची मर पाण्यामुळे आणि डोळे खाद्यामुळे, असा माझा अंदाज.

आधी पाणी, कारण मासे त्याने मरताहेत. तपकिरी कल्ले म्हणजे नायट्राइट रक्तात शिरलंय. रक्तातलं हिमोग्लोबिन त्यामुळे ऑक्सिजन धरत नाही, म्हणून डीओ ५.५ दिसूनही मासा गुदमरतो. तुमचं किट नायट्राइट दाखवतं की नायट्राइट-नायट्रोजन? दुसरं असेल तर खरा आकडा ३.३ पट, म्हणजे १० च्या घरात.

उपाय मीठ. मिठातला क्लोराइड कल्ल्यांवर नायट्राइटची वाट अडवतो. क्लोराइड नायट्राइटच्या किमान दहापट हवा. लिटरला १०० मिग्रॅ क्लोराइड वाढवला की किट कुठलंही असो, तुम्ही सुरक्षित. मिठात साधारण ६० टक्के क्लोराइड असतो, म्हणजे घनमीटरला १६५ ग्रॅम मीठ. तुमच्या टाकीत १५ घनमीटर पाणी आहे, तेव्हा अडीच किलो. पेण-उरणकडचं खडा मीठ चालेल, बादलीत विरघळवून, गाळून, हवेच्या दगडांवर ओता. दिवसभर खाद्य बंद, दुसऱ्या दिवशी निम्मं.

मग अल्कलिनिटी. ४० वर अमोनिया-नायट्राइट खाणारे जिवाणू नीट चालत नाहीत, नायट्राइट साचलंय ते बहुधा त्यामुळेच. ती १२० वर न्यायला खाण्याचा सोडा २ किलो लागेल (८० × १५ = १२०० ग्रॅम, गुणिले १.६८). पण एकदम टाकू नका. तुमचा अमोनिया १.५ आहे. पीएच ७ ला त्यातला एक टक्काही विषारी रूपात नसतो, पीएच ८.२ ला गेला की दहा टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणून रोज सकाळी ५०० ग्रॅम, चार दिवस, आणि दर वेळी सोडा टाकण्याआधी अमोनिया तपासायचा. पुढे रोजच्या एक किलो खाद्यामागे १५० ते २५० ग्रॅम सोडा धरून चला, आणि अल्कलिनिटी दर तिसऱ्या दिवशी मोजा.

---

गावठी_फीडमिल:

खाद्याचं मी लिहितो.

तुमची पिशवी मिनरल मिक्स नाही, कॅल्शियम पावडर आहे. गाईगुरांच्या खऱ्या मिनरल मिक्सवर जस्त, मँगनीज, तांबं, आयोडीन असं सगळं प्रमाणासह छापलेलं असतं. हिच्यात जस्ताचं नावसुद्धा नाही. आणि माशाला कॅल्शियमची गरज फारशी नसते, तो कल्ल्यांतून पाण्यातलं कॅल्शियम घेतो. फॉस्फरस मात्र पाण्यातून पुरेसा मिळत नाही, तो खाद्यातूनच यावा लागतो.

आता हिशोब बघा. २५ टक्के कुटी, तीही डोकी-काट्यांची असेल तर कॅल्शियम सात-आठ टक्के. म्हणजे खाद्यात तिचंच जवळपास १.९ टक्के, वर तुमच्या पावडरचं अर्धा टक्का. त्यात राईस पॉलिश आणि सोया पेंड मिळून ७० टक्के, दोन्हींत फायटेट (धान्य-बियांत फॉस्फरस साठवणारा पदार्थ) भरपूर. फायटेट जस्ताला पकडून ठेवतो आणि कॅल्शियम जास्त असलं की ती पकड आणखी घट्ट होते. जस्त खाद्यात असतं, आतड्यातून रक्तात जात नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, झिजलेले पर, खुंटलेली वाढ ही जस्त कमी पडल्याची पुस्तकी लक्षणं आहेत. पावडर ४० ग्रॅम केलीत तर ती वाढतील.

शुद्ध प्रायोगिक खाद्यावर तिलापियाला किलोला साधारण ३० मिग्रॅ जस्त पुरतं. तुमच्यासारख्या मिश्रणात त्याच्या कितीतरी पट लागतं.

५० किलो भरड्यासाठी (तुमच्या टाकी १ ला दिवसाला सव्वातीन किलो धरलं तर पंधरा दिवस):

झिंक सल्फेट मोनोहायड्रेट, पशुखाद्य ग्रेड, ८.४ ग्रॅम. हे किलोला ६० मिग्रॅ जस्त झालं. हेप्टाहायड्रेट मिळालं तर १३.२ ग्रॅम. खताच्या दुकानातलं झिंक घेऊ नका, त्यात शिसं-कॅडमियमची खाद्यासाठी हमी नसते.
मँगनीज सल्फेट मोनोहायड्रेट १.९ ग्रॅम.
सेलेनियम यीस्ट, किलोला २००० मिग्रॅ सेलेनियमवालं, ५ ग्रॅम.
तांबं, लोह: काही नाही. पेंड, पॉलिश, कुटीत पुरेसं आहे.

एवढीशी पावडर ५० किलोत सरळ टाकलीत तर एका दाण्यात सगळी आणि शंभरांत काहीच नाही असं होतं. आधी ५० ग्रॅम चाळलेल्या मैद्यात घोळा, मग ते १५० ग्रॅममध्ये, मग ३०० मध्ये. हे अर्धा किलो मिश्रण सगळ्या भरड्यावर पसरून कोरडंच दहा मिनिटं फिरवा, पाणी नंतर. मशीनमध्ये जाण्याआधी मिसळा. दाण्यावर वरून लावलेलं मीठ-मिनरल पाण्यात पडताच सुटायला लागतं आणि माशाऐवजी फ्लॉकला मिळतं.

कॅल्शियम पावडर पूर्ण बंद.

---

जिताडाप्रेमी:

सल्फेट का? एवढं फायटेट असेल तर झिंक मेथिओनिन किंवा ग्लायसिनेट (अमिनो आम्लाला बांधलेलं जस्त) घ्यावं. ते फायटेटच्या तावडीत कमी सापडतं.

---

गावठी_फीडमिल:

बरोबर आहे, मिळालं आणि परवडलं तर तेच घ्या. लेबलवरची जस्ताची टक्केवारी बघून ५० किलोला ३ ग्रॅम शुद्ध जस्त येईल असा हिशोब करा. १५ टक्केवालं असेल तर २० ग्रॅम. पण कुटी अशीच काटेरी राहिली तर महाग जस्त घेऊनही अर्धं काम होईल. कुटी १५ टक्क्यांवर आणा, सोया तेवढी वाढवा. चमचाभर कुटी काचेच्या ग्लासात पाणी घालून ढवळा आणि दोन मिनिटं थांबा. तळाला वाळू बसली तर पुरवठादार बदला.

---

व्हेनामी_वाला:

पोटॅशियम-मॅग्नेशियम पाण्यात टाका, आमच्याकडे कोळंबीला लगेच फरक पडतो.

---

तळेराखण:

दादा, ते कमी खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीचं. तिथे पाण्यातल्या क्षारांचं एकमेकांशी प्रमाण बिघडलेलं असतं. गोड्या पाण्यातल्या तिलापियाला त्याची गरज नाही, यांचे पैसे वाचू द्या.

---

मत्स्यपेशी:

बूस्टरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. प्रमाण न छापलेलं सेलेनियम कधीही वापरू नका. माशाची पांढरी पेशी जंतू गिळते तेव्हा त्याला मारायला पेरॉक्साइडसारखी तिखट रसायनं सोडते. त्यांत ती स्वतःच होरपळू नये म्हणून ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज नावाचं विकर लागतं, आणि त्याच्या गाभ्यात सेलेनियम असतं. प्रतिकारशक्तीशी त्याचा संबंध तो हा. पण गरज किलोला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आतली आहे आणि ट्राउटमध्ये १३ मिग्रॅला विषबाधा नोंदलेली आहे. सोडियम सेलेनाइट आणून घरच्या काट्यावर तोलायचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडा. ५० किलो खाद्याला ते जेमतेम २० मिग्रॅ लागतं, काट्याची चूकच त्याहून मोठी असते.

लोहाचं तर उलट आहे. जंतूला वाढायला लोह लागतं, म्हणून आजारी शरीर स्वतःहून लोह लपवून ठेवतं. शेपूट सडलेल्या माशाला लोहाचं टॉनिक पाजणं म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या.

आणि रात्रभर एका बादलीत? साधं व्हिटॅमिन सी ओलाव्यात तांबं-लोहाबरोबर सकाळपर्यंत टिकत नाही. चार महिने ते वाया गेलंय. मासा व्हिटॅमिन सी स्वतः बनवू शकत नाही, आणि टाकी २ मधली मुडपलेली झाकणं फॉस्फरस कमी पडल्याचं असतं तसं त्याचंही लक्षण असू शकतं. फॉस्फेट रूपातलं टिकाऊ सी घ्या: ३५ टक्केवालं, ५० किलोला १४ ग्रॅम, म्हणजे किलोला १०० मिग्रॅ.

---

शीळफाटा_टाकी:

खूप आभार सगळ्यांचे. बादलीचं वाचून कपाळावर हात मारला. टाकी २ ला हेच खाद्य चालेल का? कुटीत एवढी हाडं आहेत तर फॉस्फरस कमी कसा पडेल?

---

गावठी_फीडमिल:

कारण सायप्रिनसला जठर नाही. रोहू-कटल्यालाही नाही. हाडातला फॉस्फरस विरघळायला आम्ल लागतं. तिलापियाच्या जठरात ते आहे, सायप्रिनसमध्ये अन्न सरळ आतड्यात जातं आणि हाडं जवळपास जशीच्या तशी बाहेर पडतात. तुमच्या पिशवीत बहुधा असलेलं डायकॅल्शियम फॉस्फेटही त्याला निम्मंच लागू पडतं. मोनोकॅल्शियम फॉस्फेट बहुतेक सगळं पचतं. टाकी २ च्या खाद्यात किलोला १२ ग्रॅम मोनोकॅल्शियम घाला, बाकी प्रिमिक्स (वरचं जस्त-मँगनीज-सेलेनियमचं मिश्रण) तेच. मुडपलेली झाकणं सरळ होणार नाहीत, नव्या पिल्लांत दिसायची थांबतील. तसंच तिलापियाचं: झालेला मोतीबिंदू सहसा जात नाही. आंधळे मासे दाण्यापर्यंत पोहोचत नाहीत, ते वेगळे काढून आधी विका. परांची झीज आणि वाढ यांत फरक दिसायला सहा-आठ आठवडे द्या.

बाजारचा नामांकित तरंगता दाणा वापरणाऱ्यांनी यातलं काहीही वरून घालू नये. त्यात प्रिमिक्स आधीच असतं.

---

तळेराखण:

मीठ-सोड्यानंतर पाच दिवसांत मर थांबली नाही तर वर्सोव्याच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेशी बोलून नमुना द्या. आधी फोन करा. मेलेले मासे नेऊ नका, सुस्तावलेले पण जिवंत तीन-चार, टाकीच्याच पाण्यात, ऑक्सिजन भरलेल्या दुहेरी पिशवीत. वेगळ्या बाटलीत पाणी आणि पाव किलो खाद्यही द्या. ‘रिपोर्ट फिश डिसीज’ ॲपवरही नोंद करता येते. तोवर अँटिबायोटिक कोणी सुचवलं तरी नाही. नायट्राइट त्याने उतरत नाही आणि फ्लॉक मात्र मरतो.

---

शीळफाटा_टाकी:

अपडेट, सहावा दिवस. नायट्राइट ०.८, अल्कलिनिटी ११०, पीएच ७.६, अमोनिया ०.५. कल्ले लाल. मर कालपासून शून्य. किट नायट्रोजनवालं निघालं. कुटीच्या ग्लासात तळाला बोटभर वाळू होती. झिंक सल्फेट भिवंडीच्या व्यापाऱ्याकडे २५ किलोच्याच पोत्यात मिळतंय. ठाणे-नवी मुंबईत कोणाला वाटून घ्यायचं असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

---

जिताडाप्रेमी:

५ किलो मला. घणसोलीला आणून द्याल का?