घरचं माणूस समुद्रात, आपण बोटीवर : अनुभव लिहा

लांब पल्ल्याच्या सागरी जलतरणात बातमी पोहणाऱ्याची होते, ते रास्तच आहे. पण बोटीवर, कयाकमध्ये, किनाऱ्यावर थांबलेल्या घरच्यांनी नेमकं काय केलं, ते इथे येऊ द्या. 'ऊर भरून आला' हे सगळ्यांचंच असतं. बाटली कशी दिली, उलट्या कोणाला झाल्या, तेही लिहा.

पर्थकर
रॉटनेस्ट चॅनल स्विम, ऑस्ट्रेलियात पर्थजवळची सागरी जलतरण स्पर्धा. फेब्रुवारीत असते, कॉटेस्लो किनारा ते रॉटनेस्ट बेट, १९.७ किमी. बायको एकटी पोहणार, मी कयाकवर, मेहुणा बोटीवर. पोहणारे किनाऱ्यावरून सुटतात, आपण पुढे पाण्यात वाट बघायची. त्या गर्दीत आपलं माणूस हुडकणं हेच पहिलं काम. सगळ्या टोप्या सारख्या, सगळे हात सारखे. कयाकला भगवी पताका बांधली होती म्हणून तिलाच मी सापडलो.

दर अर्ध्या तासाला कोमट पाण्यात कालवलेली पावडर, मधूनच केळ्याचा तुकडा. बाटलीला दोरी बांधलेली. तिचं पिऊन झालं की ओढून घ्यायची. कयाकचा आधार घेतला की बाद. सकाळी याचं काही वाटत नाही. नंतर नैर्ऋत्येचा वारा सुटतो, लाटा तोंडावर आपटायला लागतात, ती खोकते, आणि आपण हातभर अंतरावर वल्हं धरून गप्प बसायचं. "किती राहिलं?" याला किलोमीटरमध्ये उत्तर द्यायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. "पुढची बाटली आली की सांगतो." चिडली. चिडलेली बरी, हात जोरात पडतात.

ठाण्याचा बाबा
आमचं धरमतर ते गेटवे, सुमारे ३६ किमी. स्पर्धा नव्हती, पण बोटीवरचं काम तेच. ओहोटीबरोबर खाडीतून बाहेर पडायचं आणि पुढे भरती धरून मुंबई गाठायची, त्यामुळे निघायची वेळ समुद्र ठरवतो. आम्हाला मध्यरात्र मिळाली. लेकीचे मिनिटाला किती हात पडतात ते मोजणं माझ्याकडे. आकडा घसरायला लागला की थंडी, भूक किंवा थकवा, लगेच निरीक्षकांच्या कानावर घालायचं. मध्येच डिझेलचा धूर तिच्या तोंडावर जायला लागला, तेव्हा तांडेलाने बोट दुसऱ्या अंगाला घेतली.

हौशी पाहुणे बोटीवर घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत. आमच्या आत्याबाई रेवसच्या आधीच आडव्या झाल्या. ॲव्होमिन घेऊनसुद्धा.

मालवणला जाणारी आई
चिवला बीचच्या स्पर्धेत आम्हा पालकांना पाण्यात कामच नाही. काखेत, मानेला व्हॅसलिन चोळून द्यायचं आणि वाळूत उभं राहायचं. पोरगं बाहेर आलं की आधी कोरडा टॉवेल आणि चहा. फोटोवाल्या काकांना मी सरळ बाजूला करते.

@ठाण्याचा बाबा, हात मोजायला ॲप वापरता का?

ठाण्याचा बाबा
नाही हो. साधं काट्याचं घड्याळ आणि टॉर्च. फोन पहिल्याच लाटेत भिजला.