मदत हवी आहे: मागच्या गडग्यात फुरशी (छोटे विषारी साप) आहेत, घरात लहान मूल आहे, काय करू?

अबोली:

नमस्कार. रत्नागिरी तालुक्यातल्या एका गावातून लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी ठाण्याचं बिऱ्हाड आवरून आम्ही इथे सासरी राहायला आलो. घरी सासरे, नवरा, मी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा. घर जांभ्याचं, कौलारू. मागे परडं, त्यात नारळ, केळी, आंब्याची दोन कलमं. परड्याच्या वरच्या अंगाला चिऱ्यांचा गडगा आहे आणि त्याच्या पलीकडे लगेच सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, सुरू होतो. गडगा आजेसासऱ्यांनी रचलेला. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड.

गेल्या जूनमध्ये आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना नारळाची सोडणं उचलताना बोटाला काहीतरी चावलं. काटा लागला असेल म्हणून त्या हात धुऊन घरी गेल्या. रात्री हात कोपरापर्यंत सुजला, सकाळी चूळ भरताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. फुरसं होतं. सहा दिवस दवाखान्यात काढून त्या घरी आल्या, पण ते बोट अजून पुरतं वळत नाही. मी त्यांना तशीच जाऊ दिली, हे मनातून जात नाही.

त्या पावसाळ्यात आणखी तीन फुरशी दिसली. दोन उरलेल्या चिऱ्यांच्या ढिगाशी, एक अंगणात तुळशीपाशी. ऑक्टोबरात न्हाणीघरात मण्यार निघाली. ती एका सर्पमित्रांनी नेली, मण्यार असल्याचंही त्यांनीच सांगितलं. धामण तर नेहमीची, तिची आम्हाला भीती नाही.

मारायचं नाही हे घरात ठरलेलं आहे. सासरे तर दिवेलागणीनंतर सापाचं नावही घेत नाहीत, 'जनावर' म्हणतात. विषारी औषधही नको, कारण मुलगा दिवसभर मातीत असतो आणि विहीर परड्यातच आहे. शेजारच्या काकूंनी लसूण-हिंगाचं पाणी शिंपडायला सांगितलं, ते महिनाभर केलं. बाजारात एका दुकानदारानं कार्बोलिक ॲसिड घ्या म्हटलं, कोणी डांबराच्या गोळ्या. मी घराभोवती गवती चहा लावला आणि तुळशीपाशी दिसलेलं फुरसं शेवटी त्याच्याच ठोंबात शिरलं.

आता मुख्य प्रश्न गडग्याचा. नवरा म्हणतो पाडून टाकू, पत्रे मारू. सासरे तयार नाहीत आणि मला त्यांचं पटतं. सड्यावरून पावसाचं जे लोंढ्यानं पाणी येतं, त्यातली माती तोच अडवतो. आगोटीला, म्हणजे पाऊस सुरू व्हायला, जेमतेम दीड महिना राहिला. ज्यांनी स्वतःच्या घरी काही करून पाहिलं आहे, त्यांनी कृपया सांगा.

रातांबा:

आम्ही दर अमावास्येला कुंपणाच्या कडेनं फिनेल ओततो. अजून तरी काही आलेलं नाही.

पाणंद:

अबोलीताई, मी सावंतवाडीकडचा. बरीच वर्षं साप पकडून रानात सोडण्याचं काम करतो आहे. सविस्तर लिहितो.

आधी वासाचे उपाय बाजूला ठेवा. साप जिभेनं वास घेतो हे खरं, पण तेवढ्यावरून तो लसणाला किंवा फिनेलला घाबरून घर सोडतो असं नाही. डांबराच्या गोळ्यांच्या बरणीशेजारी वेटोळं घालून बसलेला नाग मी स्वतः उचलला आहे. आणि आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस. ओतलेलं फिनेल पहिल्या सरीत विहिरीकडे जाणार. रातांबा, तुम्हीही विहीर जवळ असेल तर हे थांबवा. कार्बोलिक ॲसिड कातडी जाळतं आणि कातडीतून अंगात भिनतं. डांबराची गोळी मुलानं तोंडात घातली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या घरात या दोन्ही वस्तू सापाइतक्याच धोक्याच्या. गवती चहा चांगला, पण दाट ठोंब म्हणजे थंड, ओलसर आडोसा. तो घरापासून लांब, एकाच जागी ठेवा आणि खालची पाती वरचेवर छाटा.

साप तुमच्याकडे येतो तो दोन गोष्टींसाठी, खाणं आणि लपायला जागा. फुरसं बेडूक, पाली, उंदरांची पिल्लं, विंचू, गोम असं सगळं खातं. मण्यार उंदीर-पालींबरोबर दुसरे सापही खाते. तुळशीपाशी रात्रभर दिवा लावता का? पांढऱ्या दिव्यावर किडे येतात, किड्यांवर बेडूक आणि पाली, त्यांच्यामागे फुरसं. तुळशीपुढचं निरांजन राहू द्या, विजेचा दिवा मात्र लागेल तेव्हाच लावा. भात कणगीत असेल तर पत्र्याच्या कोठीत भरा. कोंबड्या असतील तर खुराड्याखाली सांडलेला दाणा रोज संध्याकाळी झाडा, त्यावर उंदीर पोसतात. मुंगूस पाळा असं कोणी सांगेल. तो वन्यप्राणी आहे, पाळणं गुन्हा आहे. मांजर उंदीर कमी करतं, पण अर्धमेला साप घरात आणूनही ठेवतं.

आता गडगा. पाडू नका. सासऱ्यांचं म्हणणं बरोबर आहे. शिवाय भर उन्हाळ्यात गडगा पाडला तर आतली सगळी जनावरं एकदम बाहेर पडतील आणि गारव्यासाठी तुमच्याच न्हाणीकडे येतील. घराच्या अगदी जवळचा, समजा 20-25 फुटांचा तुकडा तेवढा घ्या. त्याच्या घराकडच्या अंगाचे सांधे सिमेंटनं किंवा चुन्यानं भरून घ्या. सड्याकडचं अंग उघडंच राहू द्या, म्हणजे आत असेल त्याला पलीकडे जायला वाट राहील. तळाशी पाणी जायची भोकं ठेवावी लागतील, नाहीतर पावसात गडगा कोसळेल. त्या भोकांना बारीक जाळी ठोका. गडग्यापासून घरापर्यंतची जमीन उघडी, झाडलेली हवी: पातेरा नाही, चुडती नाहीत, सोडणं नाहीत. फुरसं जेमतेम फूट-सव्वा फुटाचं, रंग सड्याच्या मातीसारखा. उघड्या जमिनीवर ते निदान दिसतं. चिडलं की अंगावर अंग घासून करवतीसारखा खरखर आवाज करतं. तो आवाज घरातल्या प्रत्येकाला ओळखता यायला हवा.

चिऱ्यांचा ढीग आगोटीच्या आत हलवाच. भर दिवसा, गमबूट घालून, हाताऐवजी पहारीनं. चिरा उचलताना त्याची पलीकडची कड आपल्याकडे ओढायची, म्हणजे चिरा ढालीसारखा मध्ये राहतो आणि खालची जागा आपल्या विरुद्ध बाजूला उघडते. सोडणं आणि जळणाची लाकडं जमिनीपासून दीड फूट उंच मांडणीवर, भिंतीला न टेकवता रचा. आधी काठीनं ठोकायचं, मग हात.

पूर्ण परड्याला साप येणार नाही असं कुंपण घालणं परवडत नाही आणि टिकतही नाही. मुलाच्या खेळण्यापुरती जागा मात्र बंद करता येते. 6 मिलिमीटरची जाळी, अर्धा फूट जमिनीत गाडलेली, वर तीन फूट, थोडी बाहेरच्या बाजूला कललेली. जाळीला टेकून झाड किंवा वेल नको. फाटकाखाली फट राहिली तर सगळी मेहनत वाया, तिथे रबराची पट्टी लावा. न्हाणीच्या मोरीला आणि पाइपाच्या बाहेरच्या तोंडालाही हीच जाळी.

मण्यारीसाठी वेगळं सांगतो. ती रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. कोणीही खाली अंथरूण घालू नका. खाटेवर मच्छरदाणी, चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली. धामण दिसली तर तिला राहू द्या, तुमच्या उंदरांचा निम्मा बंदोबस्त तीच करते.

सोनटक्का:

मी ग्रामीण भागात परिचारिका आहे. वर सांगितलेलं सगळं करा, पण घरात प्रत्येकाला हेही माहीत असू दे. काटा लागला की काही चावलं अशी शंका असेल तर सूज यायची वाट पाहू नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा, तो हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवा आणि 108 ला फोन करा. आवळून दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. साप पकडून आणायचा नाही. फुरशाच्या दंशात आम्ही काचेच्या स्वच्छ नळीत रक्त घेऊन 20 मिनिटं ठेवतो. गोठलं नाही तर विष चढलं आहे हे कळतं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. मण्यार चावल्याची खूण पुष्कळदा सापडतही नाही. रात्री खाली झोपलेलं माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणत उठलं आणि पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, तर एक मिनिटही घालवू नका.

मावशींबद्दल मनाला लावून घेऊ नका. फुरशाचा दंश सुरुवातीला खरंच काट्यासारखा वाटतो, आमच्याकडे येणारे निम्मे लोक तसंच सांगतात. बोटासाठी त्यांना एकदा फिजिओथेरपीला पाठवा, अजून फरक पडू शकतो.

अबोली:

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणंददादा, तुमचं उत्तर सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सड्याकडचं अंग उघडं ठेवायचं म्हटल्यावर ते लगेच तयार झाले. गडग्याचा घराजवळचा तुकडा मोजला, 22 फूट भरला. तुळशीपाशी पांढरा बल्ब रात्रभर जळत असायचा, तो काल काढला. गवती चहा उपटून विहिरीपलीकडे नेऊन लावला. मावशींना पुढच्या आठवड्यात मी स्वतः फिजिओथेरपीला घेऊन जाणार आहे.

गवंडी सोमवारी येतो म्हणाला आहे. दोन शंका उरल्या. सांधे भरण्याआधी आत जनावर आहे की नाही हे कसं बघायचं? आणि मागच्या पायरीखाली जोत्यात एक जुनं भोक आहे, त्यातून उंदीर येतात. ते गडग्याच्या आधी बुजवू की नंतर? चिरे हलवताना कोणी जाणतं माणूस जवळ असावं असं फार वाटतं. वनखात्याच्या 1926 वर उद्या सकाळी विचारणारच आहे, पण रत्नागिरीच्या आसपास कोणी सर्पमित्र हे वाचत असतील तर कृपया मला निरोप टाका.

पाणंद:

जोत्यातलं भोक आधी. काचेचे तुकडे आणि सिमेंट एकत्र करून भरा, नुसती माती उंदीर पुन्हा उकरतात. भरण्याआधी तोंडाशी बारीक पीठ पसरून रात्रभर ठेवा. सकाळी उंदराची पावलं आहेत की घसटल्याचा माग आहे ते दिसेल. माग असेल तर भोकाला हात लावू नका, मला कळवा. गडग्यालाही हीच युक्ती, मोठ्या सांध्यांपुढे पीठ टाकून बघा. रविवारी मी लांज्यापर्यंत येणार आहे, तिथून पुढे तुमच्याकडे येतो. पत्ता निरोपात पाठवा, इथे उघड लिहू नका.