अँपॅसिटीला मराठीत काय म्हणाल?

भाषांतरी:
मंडळी, मदत हवीय. एका ट्रेनिंग मॅन्युअलचं भाषांतर करतेय, त्यात इमारतीच्या आतल्या कंड्युटमधून जाणाऱ्या मीडियम व्होल्टेज केबलची अँपॅसिटी, म्हणजे ती सतत किती करंट नेऊ शकते, ते कसं काढायचं असं अख्खं प्रकरण आहे. मी लिहिलं, 'अंतर्गत नलिकेतील मध्यमदाब वाहकाची वहनक्षमता निश्चित करणे'. तपासणाऱ्याने परत पाठवलं, म्हणे हे पाणीपुरवठ्याचं वाटतंय. आणि 'निश्चित करणे' बरं की 'काढणे'?

गडबडगुंडा:
पाणीपुरवठाच आहे की 😂 नळी आहे, दाब आहे, वाहणं आहे. वाहक म्हटलं की मला तर तिकीट फाडणाराच दिसतो.

पिंपळपान:
हसताय काय, धारा, प्रवाह, दाब सगळं पाण्यावरूनच घेतलंय, इंग्रजीतला करंटसुद्धा. 'धारावहनक्षमता' लिहा, चार वेळा वाचलं की कानाला सवय होते.

तारतम्य:
माझं पोट याच कामावर आहे म्हणून बोलतो. साइटवर 'ही केबल किती अँपिअर घेते' असंच विचारतात. आणि नुसतं क्षमता म्हटलं की वाटतं केबलवर छापलेला एकच आकडा असेल, तसं नसतं ना. त्या जागी, त्या परिस्थितीत, इन्शुलेशन मर्यादेपेक्षा जास्त न तापता सतत जाऊ शकेल तेवढा करंट म्हणजे अँपॅसिटी. एक्सएलपीई नावाच्या प्लास्टिक इन्शुलेशनला कंडक्टरचं, म्हणजे आतल्या तारेचं, तापमान ९० डिग्रीपर्यंत चालतं. अँपिअरच्या आकड्यांचं टेबल ४० डिग्री हवेचं असेल तर तापायला ५० डिग्री वाव, पण तुमच्या खोलीतच ५० असेल तर वाव उरला ४०. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून ४० भागिले ५० चं वर्गमूळ, ०.८९, म्हणजे टेबलात २०० अँपिअर असतील तर धरायचे साधारण १७९. उघड्या ट्रेवरच्या केबलचा आकडा कंड्युटला लावायचाच नाही, आतली हवा कोंडलेली असते, उष्णता लवकर बाहेर पडत नाही. त्यात शील्ड, म्हणजे केबलमधलं धातूचं आवरण, दोन्ही टोकांना अर्थ केली (जमिनीला जोडली) असेल तर तिच्यातून करंट फिरतो, ती उष्णता वेगळीच. आता हे सगळं 'क्षमता'त बसवा.

गडबडगुंडा:
मग 'झेपणे'वरून करा. धाराझेप!

पिंपळपान:
झेप म्हणजे उडी हो. पेलणे घ्या, 'धारापेल'.

आडनावाशिवाय:
मूळ शब्द तरी कुठे सोवळा आहे? अँपिअर आणि कपॅसिटी कापून जोडलेत, त्यातला अँपिअर तर एका फ्रेंच माणसाचं आडनाव. अमेरिकन वायरिंग कोडवाल्यांनी तो रुजवला, आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारे आयईसीवाले करंट रेटिंग म्हणतात. देवनागरीत अँपॅसिटी लिहा, पहिल्यांदा येईल तिथे तारतम्यचं वाक्य टाका, झालं.

पिंपळपान:
असं करत करत क्रियापदं तेवढी मराठी उरतील.

भाषांतरी:
'काढणे'चं राहिलंच हो.

गडबडगुंडा:
काढणे नको, कंड्युटमधून केबल उपसतील.

पिंपळपान:
आधी इन्शुलेशनचं बघा. 'निरोधक' असताना तारतम्यांनी सरळ इंग्रजी का ठेवलं?

तारतम्य:
साइटवर एकदा 'निरोधक किती जाडीचा' असं विचारून बघा, मग कळेल.